परक्यांचं सुतक

मामाजी ड्यूटीवरून आले की सायकलची घंटी वाजायची. जुनी शुक्रवारीतल्या आमच्या आजोळी ती घंटी म्हणजे चहा ठेवायची खूण. पण काही दिवस घंटी वाजायचीच नाही. सायकल मुक्यानेच भिंतीला टेकायची आणि मामाजी पुढचं दार सोडून मागच्या बोळातून न्हाणीकडे जायचे. आजी तोवर बादली भरून उभी. घंटी वाजली नाही एवढ्यावरून तिला कळायचं. आधी डोक्यावरून पाणी, मग कडुनिंबाचा पाला चावून थुंकायचा, मग घरात पाऊल. मातीहून आलेल्या माणसाने करायचं ते सगळं. फक्त माती कोणाची, हे घरात कोणी विचारत नसे.

मामाजी फायर ब्रिगेडात होते. आगी विझवणं हे त्यांचं काम, असं आम्हा पोट्ट्यांना वाटायचं. पुढे मोठेपणी कळलं, की वर्दी आगीची कमी आणि विहिरीत पडलेल्याची, भिंतीखाली सापडलेल्याची, रस्त्यावर गाडीत अडकलेल्याची जास्त. बंब सगळीकडे जातो. आणि बऱ्याचदा उशिरा पोचतो, कारण वर्दीच उशिरा मिळते.

ही नोकरी आमच्या घरात आबाजींमुळे, म्हणजे आजोबांमुळे आली. राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय 1956 मध्ये उत्तर प्रदेशातल्या रामपूरला सुरू झालं आणि पुढच्याच वर्षी नागपूरला आलं. देशभरातले फायर ऑफिसर तेव्हापासून आमच्या गावात शिकून जातात, आणि नागपूरकराला विचाराल तर तो संत्र्याबद्दल बोलेल. आबाजी त्या कॉलेजच्या स्टोअरमध्ये होते. होज वाळवणं, ब्रँच पुसणं, शिड्यांची मोजणी. त्यांनी स्वतः एकही आग विझवली नाही, पण गोष्टी त्यांच्याकडेच होत्या, कारण शिकवायला आलेले जुने लोक स्टोअरच्या बाकावर बसून विडी ओढायचे आणि बोलायचे.

14 एप्रिलला नागपूर निळं असतं. बाबासाहेबांची जयंती, दीक्षाभूमीकडे जाणारी माणसं, चौकाचौकात सरबत. त्याच तारखेला देशभरातलं अग्निशमन दल दोन मिनिटं उभं राहतं, हे आमच्या गर्दीत कोणाच्या ध्यानात येत नाही. आबाजी मात्र सकाळी आंघोळ करून आम्हाला तीच गोष्ट सांगायचे. 1944, मुंबईचा व्हिक्टोरिया डॉक, फोर्ट स्टिकिन नावाचं जहाज. एकाच पोटात कापसाच्या गठाणी आणि दारूगोळा. आबाजी कापसाच्या मुलखातले; गठाण आतून कशी धुमसते, वरून पाणी मारलं तरी पोटातली आग कशी जित्ती राहते, हे ते हातांनी दाखवायचे. दुपारी चार वाजून सहा मिनिटांनी पहिला स्फोट. जहाजात सोन्याच्या विटाही होत्या, त्या उडून शहरात पडल्या. आम्हाला तेवढंच सोनं ऐकायचं असायचं. आबाजी चिडायचे. ‘सहासष्ट फायरमन गेले लेकाहो, अन् तुम्हाले सोनं सुचून राह्यलं!’

एकदा, कॉलेजात असताना, मी विचारलं, ‘आबाजी, जे गेले नाहीत त्यांचं काय झालं?’ आबाजी जरा थांबले. ‘आग तीन दिवस विझली नव्हती. ते दुसऱ्या दिवशी ड्यूटीवर गेले.’

एवढंच. गोष्टीत त्या लोकांसाठी पुढे जागाच नव्हती. मेलेल्यांना आकडा आहे, तारीख आहे, स्मारक आहे. परत आलेल्यांना दुसऱ्या दिवसाची ड्यूटी.

मामाजींचं मोवाड मला असंच अर्धवट माहीत होतं. 30 जुलै 1991 ला वर्धा नदीचा पूर मोवाडात शिरला. नरखेड तालुक्यातलं, नदीकाठचं गाव. 204 माणसं गेली. मदतीला जी वाहनं निघाली त्यात मामाजींचा बंबही होता. ते सहा दिवसांनी घरी आले. घंटी वाजली नाही. आजीने बादली भरली, पाला दिला. त्यांनी तो चावला आणि गिळून टाकला. थुंकायचं विसरले. आजी ते वर्षानुवर्षं सांगायची, जणू काय घडलं ते सगळं त्या एका चुकीत होतं.

मोवाडची गोष्ट ते सांगायचे, नाही असं नाही. पाहुणे आले, पावसाचा विषय निघाला, की सुरुवात व्हायची. काटोलपर्यंत रस्ता कसा होता, पुढे कसा नव्हताच. गाळ गुडघ्याएवढा. संत्र्याच्या बागा आडव्या झालेल्या, अंबिया बहाराची हिरवी, कच्ची फळं चिखलात पसरलेली. पाय टाकला की खालून फुटायची. मग गाव. मग एक गल्ली. मग एका घराचं दार, जे आतून गाळाने दाबलं गेलं होतं आणि उघडत नव्हतं. ‘मंग आम्ही पहार घातली...’ इथे मामाजी मामींकडे वळून म्हणायचे, ‘चहा ठेव वो.’ बारा-पंधरा वेळा मी ती गोष्ट ऐकली असेन. दार एकदाही उघडलं नाही.

त्यानंतर ते संत्री खाईनासे झाले. नागपुरात संत्री न खाणारा माणूस म्हणजे पंढरपुरात विठोबाला न जाणारा. लोक चेष्टा करायचे. जुलै लागला की धान्याचे डबे माळ्यावर चढायचे. रात्री पत्र्यावर पाऊस वाजला की ते उठून बसायचे आणि झोपलेल्या पोरांच्या नाकाखाली बोट धरून पाहायचे. मामी सांगते, पहिली दोन वर्षं तिला वाटलं, माणूस तापट झाला. नंतर वाटलं, पितो म्हणून असा वागतो. पितो कशामुळे, हा प्रश्न तिच्यापर्यंत पोचायला फार वर्षं लागली, आणि तिला दोष द्यावा असं मला वाटत नाही. तो प्रश्न त्यांच्या साहेबांपर्यंतही पोचला नव्हता. मामाजींना मोवाडच्या कामाबद्दल एक प्रशस्तिपत्रक मिळालं होतं. ते माळ्यावरच्या डब्यात आहे.

आजीने मात्र एकदा, बोलता बोलता, नेमक्या जागी बोट ठेवलं होतं. शेजारची बाई म्हणत होती, तुमचा पोरगा असा गुमसुम का, घरचं तर कोणी गेलं नाही. आजी म्हणाली, ‘तेच तं. घरचं गेलं असतं तं दहा दिवस बसला असता. परक्यायचं सुतक कोण धरू देते?’

मी तेव्हा हसले असेन. आता ते वाक्य मला सुटत नाही.

सुतक म्हणजे शिवाशिव, ओवळं, अमक्याला हात लावू नको, एवढंच आपण लक्षात ठेवलं. त्यातला विटाळाचा भाग गेला तर माझ्या डोळ्यांत पाणी येणार नाही. प्रेताशी रोजचा संबंध ठेवणाऱ्या जाती आपण गावाबाहेर ठेवल्या. शवागारात शव उघडणारा माणूस आजही त्याच वस्त्यांतून येतो, आणि संकटात धावून जाणाऱ्यांच्या यादीत त्याचं नाव कोणी घालत नाही. पण त्या विटाळाच्या सालीखाली एक शहाणी व्यवस्था होती. दहा दिवस कामाला जायचं नाही. दाढी नाही, गोडधोड नाही, म्हणजे चेहराही ‘ठीक आहे’ असं खोटं सांगत नाही. घरात चूल नाही, जेवण शेजारून येतं. लोक भेटायला येतात आणि बसतात. काही विचारत नाहीत. बोलणारा बोलला तर ऐकतात, नाही बोलला तर जरा वेळाने ‘येतो’ न म्हणता उठून जातात. तिसऱ्या दिवशी राख, दहाव्याला घाट, तेराव्या दिवशी तेरवी, आणि मग माणसाला पुन्हा कामाला लागायची मुभा. दुःख संपतं असं नाही. पण त्याला तारखा मिळतात.

हे सगळं भाऊबंदांसाठी. ज्याने एका दिवसात दहा अनोळखी देह उचलले त्याला यातलं काही नाही. ‘मला त्याचं सोयरसुतक नाही’ असं आपण बेफिकीर माणसाच्या तोंडी घालतो. मामाजींना नियमाने खरोखरच सोयरसुतक नव्हतं. आणि तेच त्यांना आयुष्यभर पुरलं.

माझी मावशी सरकारी दवाखान्यात नर्स होती. तिची तारीख 23 नोव्हेंबर 1994. हिवाळी अधिवेशनावर गोवारींचा मोर्चा आला होता. गुरं राखणारा समाज, मागणी अनुसूचित जमातीच्या सवलतींची. संध्याकाळी लाठीमार झाला, चेंगराचेंगरी झाली, 114 माणसं गेली. बहुतेक बाया आणि लेकरं. झिरो माइलजवळ त्यांचं स्मारक आहे, सीताबर्डीच्या उड्डाणपुलाला त्यांचं नाव आहे. जमातीचा प्रश्न मात्र नागपूर खंडपीठाच्या 2018 च्या निकालात सुटला आणि सर्वोच्च न्यायालयाच्या 2020 च्या निकालात पुन्हा हरला.

मावशी त्या रात्री ड्यूटीवर होती. ती सांगते ते फक्त दोन गोष्टींबद्दल: चादरी पुरल्या नाहीत, आणि कितीतरी बायांच्या कमरेला भाकरीची फडकी तशीच बांधलेली होती. ती फडकी सोडायची की ठेवायची, यावर दोन सिस्टरांमध्ये वाद झाला. तिसरीने ओरडून दोघींना गप्प केलं आणि मग स्वतःच रडायला लागली.

मावशी मामाजींसारखी झाली नाही. का, याचा मी बराच विचार केला. तिचा जीव जास्त घट्ट होता, असं मला वाटत नाही. तिच्या वॉर्डाला लागून सिस्टरांची एक खोली होती, तिथे एक स्टोव्ह होता. पुढचे कित्येक दिवस पाळी संपली की सातआठ जणी घरी न जाता तिथे बसत. चहा उकळे. कोणी रडे, कोणी शिव्या देई, कोणी नुसतीच वेणी घाले. मावशी म्हणते, ‘आमची तेरवी त्या स्टोव्हवर झाली.’ मामाजींच्या लोकांकडे खोली नव्हती, गुत्ता होता. तिथेही माणसं एकत्रच बसत, पण तिथे बोलायला नाही, विसरायला जात.

शास्त्राला हे सगळं कळायला वेळ लागला. पहिल्या महायुद्धात खंदकांतून थरथरत परत आलेल्या शिपायांसाठी 1915 मध्ये ‘शेल शॉक’ हा शब्द छापला गेला. त्यातल्या पुष्कळांना भित्रे ठरवलं. अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने आघातोत्तर तणाव विकृती हे निदान अधिकृत यादीत घातलं ते 1980 मध्ये, व्हिएतनामहून परतलेल्यांच्या रेट्याने. निदानाचा गाभा सोपा आहे: घडून गेलेली गोष्ट ‘झाली’ म्हणून आत ठेवली जात नाही. आठवण नाही, ती पुन्हा घडणं असतं. पत्र्यावरच्या पावसाने मोवाड जुनी शुक्रवारीत येतं. मग 1983 मध्ये जेफ्री मिचेल नावाच्या, स्वतः अग्निशमनाचं काम केलेल्या माणसाने एक पद्धत मांडली. मोठ्या दुर्घटनेनंतर सगळ्या पथकाला एकत्र बसवायचं आणि काय पाहिलं, काय वाटलं, ते क्रमाने बोलायला लावायचं. जगभर ती पसरली. पुढे अभ्यासातून दिसलं, की अशा एका बैठकीने आजार टळत नाही, आणि काहींना उलट त्रास होतो. जागतिक आरोग्य संघटनेची 2011 ची मार्गदर्शिका म्हणूनच बोलायची सक्ती करू नका असं बजावते: आधी सुरक्षितता, पाणी, जेवण, जवळ बसणं, तो बोलला तर ऐका, नाही बोलला तर राहू द्या, गरज असेल तर पुढच्या मदतीशी जोडून द्या.

मी हे वाचलं तेव्हा पहिल्यांदा मला भेटायला येणारी, काही न विचारता बसणारी, ‘येतो’ न म्हणता उठणारी माणसं दिसली.

अर्थात नुसतं बसून सगळ्यांचं भागत नाही. बहुतेकांचं मन काही आठवड्यांत, महिन्यांत आपलं आपण सावरतं. काहींचं नाही, आणि ज्याला वर्दीमागून वर्दी येते त्याच्यावर थरावर थर चढतात. त्याला उपचार लागतात, शिकलेल्या माणसाबरोबर त्या दारापर्यंत थोडं थोडं जावं लागतं, कधी गोळ्या लागतात. आमच्या नागपुरात त्यासाठी 1864 पासून दवाखाना आहे. प्रादेशिक मनोरुग्णालय हे त्याचं नाव, पण रिक्षावाल्याला पागलखाना सांगितलं तरच समजतं. चौकालाही तेच नाव पडलंय. ‘पागलखाना चौकात उतरायचं आहे’ असं सांगून तिथे जायला किती छाती लागत असेल, याचा विचार करा.

आमच्या घरातून ती छाती मामेभावाने दाखवली. तो 108 वर पायलट आहे. ॲम्ब्युलन्सच्या ड्रायव्हरला त्या सेवेत पायलट म्हणतात. 2021 चा एप्रिल त्याने नागपूरच्या रस्त्यांवर काढला. या दवाखान्यातून त्या दवाखान्यात, खाट नाही, पुढे जा. गाडीतच माणसं गेली. त्याच वर्षी जानेवारीच्या 9 तारखेला भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बालकांच्या कक्षाला आग लागली होती. दहा बाळं गेली. सात वाचवली, आणि ती कोणाच्या तरी हातांनी बाहेर काढली होती. ते हात पुढे कसे झोपले, ही बातमी मी कुठे वाचली नाही. मामेभाऊ त्या वर्षाअखेर सिग्नलवर गाडी थांबली की दरदरून घामाघूम होऊ लागला. त्याच्या डॉक्टर मित्राने सरळ सांगितलं आणि तो गेला. घरी मात्र ‘पाठीसाठी’ जातो असं सांगत होता.

मग 22 सप्टेंबर 2023 ची रात्र. मध्यरात्रीनंतर पाऊस असा कोसळला की अंबाझरी तलाव सांडला, नाग नदी फुगली, मोरभवनचं बसस्थानक बुडालं. पहाटे शहराच्या रस्त्यांवर जवानांच्या होड्या फिरत होत्या. जुनी शुक्रवारीत पाणी बोळाच्या तोंडाशी आलं. वीज गेलेली. मामाजी, वय सत्तरीच्या पुढे, डबे माळ्यावर चढवत होते आणि हात थरथरत होते. मामेभावाने त्यांच्या हातातला डबा घेतला, खाली ठेवला आणि त्यांच्याजवळ जमिनीवर बसला. काही विचारलं नाही. तो हे कुठून शिकला होता, हे मामाजींना ठाऊक नव्हतं.

त्या रात्री दार उघडलं. आत काय होतं ते मामेभावाने मला सांगितलं नाही, आणि मी विचारलं नाही. एवढंच सांगितलं, की शेवटी मामाजी म्हणाले, ‘अकरा जणाईले उचललं म्या. एकाचंही सुतक नाही धरलं.’

मामी अंधारात बसून ऐकत होती. ती म्हणाली, ‘मंग आता धरा.’

आठवड्याने पितृपक्ष लागला. 14 ऑक्टोबरला सर्वपित्री अमावस्या होती. ज्यांची तिथी माहीत नाही त्यांच्यासाठीचा तो दिवस. मोवाडच्या लोकांचं उलटं होतं. तिथी माहीत, नावं माहीत नाहीत. तरी मामींनी अकरा पत्रावळी मांडल्या. वरण-भात, भाजी, वडे. मामाजींनी दहा दिवस दाढी केली नव्हती. मी गेले होते. कोणी काही बोललं नाही. बाहेर कावळे बराच वेळ आले नाहीत, मग आले.

याने मामाजी बरे झाले असं मी लिहिणार नाही, कारण झाले नाहीत. पाऊस आला की ते अजून उठतात. पण दिवाळीनंतर मुलगा त्यांना म्हणाला, ‘मी गुरुवारी पाठीसाठी जातो ना, ते पाठीसाठी नाही. तुम्ही येता का?’ मामाजी म्हणाले, ‘मले पागलखान्यात नेतं का बे?’ आणि मग चप्पल शोधायला लागले. आता दोघं बरोबर जातात. संत्री मामाजी अजूनही खात नाहीत.

माझी मागणी लहान आहे. ज्या पथकाने देह उचलले त्या पथकाला पगारी सुट्टी द्या, अर्ज न करता, नियमाने; तिला काय नाव द्यायचं ते सरकार ठरवो. प्रत्येक फायर स्टेशनात, प्रत्येक ॲम्ब्युलन्सच्या तळावर, प्रत्येक पोलीस ठाण्यात एक खोली द्या, जिथे स्टोव्ह आहे आणि साहेब नाही. आणि तोवर तुमच्या घरात, शेजारात कोणी वर्दीवर जाणारा असेल तर त्याला एक आकडा द्या: 14416. टेली-मानस, 10 ऑक्टोबर 2022 पासून सुरू आहे, चोवीस तास, मराठीतही बोलतात, पैसे लागत नाहीत. हातात कागद देऊ नका, तो खिशातच धुतला जातो. घरात जिथे गाडीची किल्ली टांगतात, त्या खिळ्याशेजारी भिंतीवर लिहून ठेवा.